फीडबॅक फॉर्म भरून झाले, आता कचरा मोजूया

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये दोन दिवसांची शिक्षक कार्यशाळा संपत आली होती. विषय होता ‘शाश्वत विकास आणि आपली शाळा’. शेवटच्या अर्ध्या तासात चहा आला आणि चहाबरोबर फीडबॅक फॉर्म. ‘कार्यशाळा कशी वाटली?’ या प्रश्नापुढे पाच चौकोन होते. जवळजवळ सगळ्यांनी शेवटच्या चौकोनात खूण केली, खाली ‘उपयुक्त माहिती मिळाली’ असं लिहिलं आणि वाळपईची बस गाठायला निघाले. ते फॉर्म मोजून आम्ही अहवाल केला. कार्यक्रम राबवणाऱ्यांत मीही होते, आणि तो अहवाल मलाही आवडला होता.

चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी संपल्यावर त्याच शाळेत पुन्हा गेले. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला दिलेले हिरवे-निळे डबे खेळाच्या सामानाच्या खोलीत होते. एकात क्रिकेटचे स्टंप, दुसऱ्यात गॅदरिंगचे झेंडे. वर्गाबाहेर पूर्वीचाच एक डबा. त्यात पाव-भाजीच्या कागदी प्लेट, चिप्सची पाकिटं, उरलेली भाजी आणि पेन्सिलीची सालं एकत्र. तिथेच उभ्या असलेल्या आठवीतल्या एका मुलीला विचारलं, “कचरा वेगळा का करायचा गो?” तिने न अडखळता सांगितलं की ओल्याचं खत होतं, सुका पुन्हा वापरात येतो, आणि दोन्ही मिसळले की दोन्ही वाया जातात. “मग इथे का करत नाही?” ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “टीचर, आम्ही जुलैपर्यंत केला. पण नेणारी गाडी सगळं एकत्रच घेऊन जाते.”

त्या मुलीला विषय पुरता कळला होता. शाळेतलं वागणं मात्र पुन्हा मूळ पदावर आलं होतं, आणि त्याचं कारण शाळेच्या फाटकाबाहेर होतं. आमच्या फॉर्मवर यातलं काहीच उमटलं नव्हतं, कारण आम्ही ते विचारलंच नव्हतं. पर्यावरण शिक्षणाच्या कार्यक्रमाचं मूल्यमापन म्हणजे काय आणि ते साध्या शाळेलाही कसं जमेल, हे मी त्या दिवसापासून समजून घेत आले आहे. तेच इथे मांडते.

हा विषय शाळेत आला कुठून

आपल्याकडे पर्यावरण शिक्षण ऐच्छिक नाही. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी ढिली पडली म्हणून २००३ मध्ये न्यायालयाला ते पुन्हा बजावावं लागलं. दरम्यान २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या योजनेतून शाळाशाळांत इको क्लब उभे राहिले. संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ हे दशक शाश्वत विकासाच्या शिक्षणाला दिलं. म्हणजे कार्यक्रमांना तोटा नाही. पाच जूनला रोप लावलं जातं, भिंतीवर पृथ्वी रंगवली जाते, फायलीत फोटो लागतात.

या शिक्षणातून काय साधायचं हेही बऱ्याच आधी ठरलं आहे. १९७७ साली जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात या विषयावर मोठी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिने पाच उद्दिष्टं मांडली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. यातल्या ज्ञानावर पेपर काढणं सगळ्यात सोपं, म्हणून आपण तेवढंच मोजतो. सहभाग मोजायला वर्गाबाहेर पडावं लागतं, आणि तिथेच आपण थांबतो.

‘शाश्वत’ म्हणजे देव

मोजायला निघताना पहिली अडचण येते ती शब्दांची. एकदा प्रश्नावली पक्की करण्याआधी सहावीच्या दहा-बारा मुलांवर ती करून पाहिली. ‘शाश्वत म्हणजे काय?’ या प्रश्नावर एका मुलाने लिहिलं होतं, ‘देव. बाकी सगळं नश्वर आहे.’ तो रोज संध्याकाळी देवळात भजनाला बसणारा मुलगा. त्याचं उत्तर त्याच्या जगात शंभर टक्के बरोबर होतं, चुकला होता आमचा प्रश्न. तेव्हापासून मुलांसमोर मी तो शब्द टाळते. ‘आपल्याला पुरेल आणि आपल्या नातवंडांनाही उरेल असं वापरणं’ म्हटलं की डोळ्यांत ओळख दिसते. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाने शाश्वत विकासाची जी व्याख्या केली तिचा गाभा हाच आहे: आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची कुवत हिरावून घ्यायची नाही.

गोव्यात तर भाषेचा पीळ आणखी घट्ट. घरी कोकणी, प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून पुस्तकं इंग्रजी. परदेशी प्रश्नावली उचलून आणली आणि कुणाकडून तरी भाषांतर करून घेतलं, की मुलं प्रश्नाला उत्तर देत नाहीत, शब्दाचा अर्थ ओळखत बसतात. भाषांतर झाल्यावर ते दुसऱ्या माणसाने मूळ न पाहता उलट भाषांतरित करून बघावं. अर्थ कुठे घसरला ते लगेच दिसतं. आणि काही मुलांना एकेक करून बसवावं, मोठ्याने वाचायला लावावं आणि विचारावं, ‘तुला यात काय विचारलंय असं वाटतं?’ एका दुपारचं काम आहे, पण त्याने वर्षभराचा डेटा वाचतो.

प्रश्न आपल्या मातीतला असेल तर तो किती खोल जातो याचं माझं आवडतं उदाहरण खाजनाचं आहे. मांडवी-जुवारीच्या काठची खाजन शेतं म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पातळीलगतची जमीन, बांध घालून राखलेली. बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची वाट, असते. भरती आली की तिचं लाकडी दार पाण्याच्या दाबाने मिटतं, ओहोटीला उघडतं आणि आतलं पाणी बाहेर जातं. आत पावसाळ्यात कोरगुटसारखं खारं सोसणारं भात, मानशीपाशी मासळी. शेकडो वर्षं गावाने मिळून बांध राखला म्हणून हे टिकलं.

आता मुलांना ‘खाजन म्हणजे काय?’ असं विचारलं तर पुस्तकातली दोन वाक्यं येतात. त्याऐवजी विचारा, ‘बांध फुटला आणि दोन वर्षं कुणी दुरुस्त केला नाही, तर काय काय होईल? सुचेल तितकं लिही.’ एखादा लिहितो, ‘शेतात पाणी जाईल.’ दुसरी लिहिते, ‘खारं पाणी जाईल, भात होणार नाही, शेत पड राहील.’ तिसरा आणखी पुढे जातो: शेत पड राहिलं की तिथे खारफुटी उगवेल, खारफुटी कायद्याने तोडता येत नाही, म्हणून शेत परत करणं कठीण होईल, मग मालकाला वाटेल विकून टाकावं, आणि बांध एकट्याचा नसल्यामुळे शेजाऱ्याचंही शेत जाईल. तिघांनाही ‘माहिती’ आहे. पण पहिल्याने एक कडी जोडली, दुसरीने तीन, आणि तिसऱ्याने पाणी, झाडं, कायदा, पैसा आणि शेजारधर्म एकाच साखळीत ओवले. कड्या मोजायच्या आणि किती वेगवेगळ्या क्षेत्रांना त्या स्पर्श करतात ते पाहायचं. कार्यक्रमाआधी आणि नंतर हाच एक प्रश्न दिला, तर मुलं जोडून विचार करायला शिकली का हे वीस बहुपर्यायी प्रश्नांपेक्षा चांगलं कळतं. उत्तरं तपासणाऱ्या दोघांनी एकमेकांचे गुण न बघता तपासावीत. दोघांचे आकडे फार वेगळे आले तर गुण देण्याची रीतच पुन्हा ठरवावी.

चार पायऱ्या, आणि आपण बसतो पहिलीवर

अमेरिकेतले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाचं फळ पाहण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. मुळात त्या कंपन्यांतल्या प्रशिक्षणासाठी होत्या, पण शाळेलाही चपखल बसतात. लोकांना कसं वाटलं ही पहिली. ते काय शिकले ही दुसरी. त्यांचं वागणं बदललं का, ही तिसरी. आणि त्या बदलाने प्रत्यक्षात काय फरक पडला, ही चौथी. आमचा फीडबॅक फॉर्म पहिल्या पायरीचा होता. ती पायरी निरुपयोगी नाही. कंटाळलेला शिक्षक काही शिकून जात नाही, तेव्हा ते विचारायलाच हवं. पण चांगलं जेवण, ओळखीची माणसं आणि लवकर सुटका यांनीही ती खूण पाचव्या चौकोनात जाते.

दुसऱ्या पायरीवरून तिसऱ्यावर माणूस आपोआप चढतो असं आपण धरून चालतो. माहिती दिली की वृत्ती बदलेल, वृत्ती बदलली की वागणं बदलेल. हॅरल्ड हंगरफोर्ड आणि ट्रुडी वोक यांनी १९९० मध्ये पर्यावरण शिक्षणावरच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवलं की ही सरळ रेषा पुराव्यावर टिकत नाही. वागणं बदलायला माहितीखेरीज दोन गोष्टी लागतात: प्रश्न आपला वाटणं, आणि आपल्या हातून काही होऊ शकतं हा भरवसा, तोही कृतीच्या कौशल्यासकट. आठवीतल्या त्या मुलीकडे पहिलं होतं. दुसरं त्या गाडीने काढून घेतलं. म्हणून प्रश्नावलीत ‘प्लॅस्टिक वाईट आहे का?’ याच्या शेजारी ‘तुझ्या शाळेत काही चुकीचं दिसलं तर ते बदलायला तू कुणाकडे जाशील, काय सांगशील?’ हाही प्रश्न हवा. पहिल्याचं उत्तर जवळजवळ सगळ्यांना येतं. दुसऱ्याचं उत्तर कोरं राहिलं तर कार्यक्रमात काय कमी होतं ते समजतं.

वृत्ती मोजायला तयार साधनंही आहेत. रायली डनलॅप आणि केंट व्हॅन लियर यांनी १९७८ मध्ये मांडलेली आणि २००० मध्ये सुधारलेली १५ विधानांची मोजपट्टी जगभर वापरतात. निसर्ग आणि माणूस यांच्या नात्याबद्दलची विधानं देऊन कितपत पटतं ते विचारायचं. पण मुलं हुशार असतात. टीचरना काय आवडेल हे त्यांना बरोबर ठाऊक असतं, आणि त्याप्रमाणे ती खूण करतात. हा खोटेपणा नव्हे, चांगलं दिसावंसं प्रत्येकाला वाटतं. म्हणून नाव न लिहिता भरून घ्यावं, गोळा करायला वर्गशिक्षक नसावेत, आणि जे डोळ्यांनी पाहता येतं ते कागदावर विचारू नये.

आधीचं माहीत नसेल तर नंतरचं काय सांगणार

मूल्यमापन कार्यक्रमाच्या शेवटी करायची गोष्ट आहे, हा समज सगळ्यात महाग पडतो. पाया मोजलेलाच नसतो, म्हणून शेवटी ‘मुलांमध्ये जागृती दिसून आली’ एवढंच लिहावं लागतं. सुरू होण्याआधीची स्थिती नोंदवणं हे अर्धं काम आहे.

उरलेलं अर्धं म्हणजे तुलना. समजा, एका शाळेत वर्षाच्या सुरुवातीला १०० पैकी ६० मुलं खाजनाचा प्रश्न समाधानकारक सोडवत होती आणि शेवटी ८०. वीसची वाढ, आपण खूश. पण शेजारच्या, कार्यक्रम न झालेल्या शाळेतही ती ६० वरून ७२ झाली असेल तर? मुलं वर्षभराने मोठी झाली, पुस्तकात तो धडा झाला, गावात बांध फुटल्याची चर्चा झाली. या सगळ्याने १२ मुलं तशीही पुढे गेली असती. कार्यक्रमाच्या पदरात पडतात फक्त ८. आठही कमी नाहीत, पण ते वीस नाहीत.

बाहेरच्या घटना किती गडबड करतात याचं ढळढळीत उदाहरण २०२२ चं आहे. त्या वर्षी १ जुलैपासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. जूनमध्ये सुरू झालेल्या एखाद्या शाळेच्या कार्यक्रमाने ऑक्टोबरात ‘आमच्यामुळे थर्माकोलच्या प्लेट गेल्या’ असं म्हटलं, तर त्यातलं किती कार्यक्रमाचं आणि किती कायद्याचं? तुलनेची शाळा नसेल तर उत्तरच नाही.

तुलनेसाठी काही शाळांना वंचित ठेवायचं का, असं मुख्याध्यापक विचारतात, आणि बरोबर विचारतात. त्यावर सरळ तोडगा आहे. पैसे आणि माणसं मर्यादित असल्यामुळे सगळ्या शाळांत एकाच वर्षी जाता येतच नाही. मग यंदा कुणाकडे आणि पुढच्या वर्षी कुणाकडे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. पुढच्या वर्षीच्या शाळा यंदा तुलनेच्या होतात आणि पुढच्या वर्षी त्यांनाही कार्यक्रम मिळतो. ओळखीच्या, उत्साही शाळा आधी घेतल्या तर मात्र निकाल फुगतो. त्या तशाही पुढे गेल्याच असत्या.

आणखी एक चूक मोठमोठ्या अहवालांतही दिसते. ‘४०० विद्यार्थ्यांचा अभ्यास’ असं लिहिलेलं असतं आणि ती ४०० मुलं चारच शाळांतली असतात. एका शाळेतल्या शंभर मुलांना तेच शिक्षक, तोच नळ, तोच गाडेवाला, तीच पंचायत. एका शाळेत नवीन मुख्याध्यापक आले तर शंभरही मुलांचे आकडे एकदम हलतात. अशा वेळी आपल्याकडे खऱ्या अर्थाने ४०० पुरावे नसतात, त्याहून पुष्कळ कमी असतात. म्हणून एका शाळेत दोनशे मुलं तपासण्यापेक्षा दहा शाळांत वीस-वीस तपासणं केव्हाही चांगलं.

शिक्षकांचं टाचण

शिक्षकांसाठीच्या कार्यक्रमाचं मूल्यमापन वेगळं करावं लागतं. तिथे हातांची साखळी आहे. साधनव्यक्तीकडून (प्रशिक्षण देणाऱ्याकडून) शिक्षकाला, शिक्षकाकडून वर्गाला, वर्गाकडून घराला. पाटाच्या पाण्यासारखं आहे: वर कितीही सोडलं तरी मधे कुठे पाझरलं त्यावर शेवटच्या पोफळीला काय मिळणार ते ठरतं. मुलांचे निकाल खराब आले तर कुठल्या टप्प्यावर पाणी मुरलं हे कळायला प्रत्येक टप्पा निराळा बघावा लागतो.

शिक्षकांना प्रशिक्षणाआधी ‘प्रकल्प पद्धतीने पर्यावरण शिकवता येतं का?’ विचारलं तर बरेच जण पाचपैकी चार देतात. प्रशिक्षणात खरा प्रकल्प कसा असतो ते दिसल्यावर पुन्हा विचारलं तर तीन देतात. कागदावर प्रशिक्षणाने नुकसान केलं असं दिसतं. खरं तर मोजपट्टीच बदललेली असते, कारण आधी आपल्याला काय येत नाही हेच माहीत नव्हतं. अशा ठिकाणी शेवटी एकाच वेळी दोन्ही विचारावं: ‘आज कितपत जमतं? आणि आता मागे वळून बघता, तेव्हा कितपत जमत होतं?’

पण माझा सगळ्यात जास्त विश्वास टाचणवहीवर, म्हणजे पाठाची पूर्वतयारी लिहायच्या वहीवर आहे. प्रशिक्षणानंतर दोन-तीन महिन्यांनी शिक्षकांचं पाठाचं टाचण, त्यांची परवानगी घेऊन, चाळावं. विज्ञानाच्या, भूगोलाच्या, अगदी गणिताच्या पाठात शाळेचा नळ, गावची नदी, कुळागर (पोफळीची बाग) कुठे आलंय का? एका गणिताच्या बाईंनी सरासरीचा पाठ शाळेच्या वीजबिलावर घेतला होता. त्या एका पानाने मला जेवढं सांगितलं तेवढं कुठल्याच फॉर्मने सांगितलं नाही. आणि टाचण कोरं असेल तर शिक्षकाला दोष देण्याआधी त्याचं वेळापत्रक बघावं. निवडणुकीच्या याद्या, ऑनलाइन भरायची माहिती, माध्यान्ह आहाराची नोंद हे सगळं त्याच माणसाच्या टेबलावर असतं. ‘तुम्ही वापरलं का?’ यापेक्षा ‘वापरायला काय आड आलं?’ हा प्रश्न जास्त प्रामाणिक उत्तरं आणतो.

कचरा कसा मोजायचा

आता त्या डब्याकडे परत येते. चौथ्या पायरीची म्हणजे प्रत्यक्ष फरकाची मोजणी ऐकायला अवघड वाटते, पण एका वर्गाला ती सहज जमते. व्हरांड्यात जुनी वर्तमानपत्रं पसरायची. हातमोजे घातलेली चार मुलं मधल्या सुट्टीनंतरचा डबा त्यावर पालथा करतात. पहिल्या दिवशी सगळे नाकं मुरडतात, तिसऱ्या दिवशी वाद घालतात: पावाचा तेलकट कागद ओल्यात की सुक्यात? पाकिटाला चिकटलेली भाजी? हा वाद होऊ द्यावा, कारण वर्गीकरण तिथे शिकलं जातं. मग ढीग वेगवेगळ्या पिशव्यांत भरून हुकाच्या वजनकाट्याला टांगायचे आणि ग्रॅममध्ये वहीत लिहायचं. त्या दिवशी शाळेत किती मुलं हजर होती तेही लिहायचं. भागाकार केला की दर मुलामागे किती कचरा ते निघतं. हजेरी कमी म्हणून कचरा कमी झाला तर त्याचं श्रेय कार्यक्रमाला जाऊ नये.

एका दिवसाचं वजन काही सांगत नाही. शुक्रवारी वाढदिवसाची चॉकलेटं वाटली तर आकडा उडतो. सलग पाच दिवस घ्यावेत, आणि कुठल्या आठवड्यात घेणार ते शाळेला आधी सांगू नये. डबे जिथे वेगळे असतात तिथे वजनाइतकंच महत्त्व असतं चुकलेल्या वस्तूंना: सुक्याच्या डब्यात किती ओलं आलं? ते प्रमाण महिन्यागणिक घसरत गेलं तर सवय लागतेय.

आमच्याकडे पाऊस हिशेब बिघडवतो. जुलैत कागद पाणी पितो, डब्यात पागोळ्या पडतात आणि तेवढाच कचरा जड होतो. म्हणून जुलैची तुलना पुढच्या जुलैशीच करावी. विजेचंही तसंच. मे महिन्याचे पंखे आणि जानेवारीची थंड सकाळ यांची बिलं शेजारी ठेवून ‘वीज वाचली’ म्हणणं चुकीचं आहे. पाण्याला मीटर नसेल तर गळक्या नळाखाली लिटरची बाटली ठेवा. समजा ती ४० मिनिटांत भरली, तर दिवसाला ३६ लिटर. हा हिशेब मुलं स्वतः फळ्यावर करतात तेव्हा प्लंबरला बोलावण्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलावर असतो. तो अर्जही पुरावाच आहे. त्याची तारीख नोंदवून ठेवावी.

मोजमापाचं विष

मोजायला लागलं की लोक आकड्यासाठी वागू लागतात. अमेरिकी संशोधक डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हे नियमासारखं मांडलं: एखाद्या आकड्यावर निर्णय अवलंबून राहिले की तो आकडा भ्रष्ट होऊ लागतो आणि ज्या कामासाठी तो होता त्या कामालाही बिघडवतो. मी पाहिलेली एक स्पर्धा होती, ‘सर्वात जास्त प्लॅस्टिक पाकिटं जमवणारा वर्ग’. शेवटच्या आठवड्यात मुलांनी गाड्यावरून चिप्स विकत घेतले, कारण रिकामी पाकिटं कमी पडत होती. आकड्यात कार्यक्रम कमालीचा यशस्वी होता.

चवथीच्या माटोळीच्या स्पर्धेचं तर मला जास्त वाईट वाटतं. गणपतीवर बांधायच्या माटोळीतली रानफळं, वेली, कंद मुलांनी ओळखावेत यासारखं सुंदर पर्यावरण शिक्षण दुसरं नाही. आजीकडून नातवाकडे जाणारं ज्ञान आहे ते. पण ‘जास्तीत जास्त वस्तू’ असा निकष लावला की दुर्मीळ वेल शोधून, मुळासकट उपटून आणणारा मुलगा पहिला येतो. निकष बदलून बघा: कुठली वनस्पती कुठे सापडते, कधी फळते, तिच्यातलं किती काढलं तर ती पुढच्या वर्षीही राहील. मूल्यमापन करणाऱ्याने ‘ठरवलं ते झालं का?’ याबरोबर ‘न ठरवलेलं काय झालं?’ हे दर वेळी विचारायला हवं, आणि त्यासाठी अहवालात एक पान मोकळं ठेवायला हवं.

प्रश्न विचारण्यातही जपायचं असतं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यात खाणींवर पोट असलेली हजारो घरं आहेत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये परत बंद पडल्या. ज्याच्या बाबांचा ट्रक अंगणात उभा राहून गंजला, त्या मुलाला ‘खाणकाम पर्यावरणाला घातक आहे: सहमत की असहमत?’ असं विचारून गुण द्यायचे, हे मला पटत नाही. त्या मुलाने ‘खाण हवी, पण पावसात माती शेतात उतरणार नाही अशी, आणि खाण संपल्यावर काय करायचं ते आधी ठरवून’ असं लिहिलं, तर शाश्वततेचा विचार त्यानेच केला आहे. पर्यावरण, पोटापाणी आणि समाज या तिन्ही बाजू त्याने एकत्र तोलल्या. नुसतं ‘खाण नको’ लिहिणाऱ्याने कदाचित फलक पाठ केला असेल. गुण मतावर न देता मतामागच्या विचारावर द्यावेत. आणि घरच्या उत्पन्नाविषयी, आजाराविषयी, शौचालयाविषयी मुलांना वर्गात विचारूच नये. पालक-शिक्षक संघात आधी सांगावं, संमती घ्यावी, मुलाला नको असेल तर ‘नको’ म्हणू द्यावं.

खर्चाचं थोडक्यात. एकूण निधीच्या ५ ते १० टक्के मूल्यमापनाला ठेवावेत असा सर्वसाधारण संकेत आहे. बऱ्याच अर्जांत ती ओळच नसते. आणि मोजणारा माणूस कार्यक्रम राबवणाराच असू नये. आमच्या अहवालात तीच खोट होती. शेजारच्या शाळेचे शिक्षक आणि आपण, एकमेकांच्या शाळा तपासल्या तरी बराच फरक पडतो.

त्या शाळेत पुढच्या वर्षी आम्ही सुरुवात वर्गात केली नाही. पहिली बैठक पंचायतीच्या सभागृहात झाली. कचरा नेणारी गाडी, तिच्या वारांचं वेळापत्रक आणि सुक्या कचऱ्याची वेगळी जागा यावर पंच, मुख्याध्यापक आणि नववीत गेलेली ती मुलगी एकाच टेबलाशी बसले. सुका कचरा आठवड्यातून एकदा वेगळा न्यायचं ठरलं. डबे खेळाच्या खोलीतून बाहेर आले. वजनाची वही आता आठवीकडे आहे, वर्ष संपलं की ती सातवीतून वर येणाऱ्यांकडे जाते.

परवा ती वही बघितली. आम्ही आखून दिलेले रकाने पाच होते: तारीख, हजर मुलं, ओला, सुका, चुकलेल्या वस्तू. पान उलटल्यावर सहावा रकाना दिसला, पट्टी न लावता पेन्सिलीने ओढलेला. वर लिहिलं होतं ‘पाऊस’, आणि खाली ओळीने: होता, होता, नव्हता, थोडा.